क्लूनाराची चावी माझ्याकडे आहे

९ सप्टेंबर १९५४, गुरुवार

पॅलिस्टरीण आली.

मी डुकरांना घालत होते, हात कोपरापर्यंत बटाट्याच्या सालींत. फाटकाशी भाड्याची मोटार थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं, तर आधी काठी बाहेर आली, मग टोपी, मग ती. मिस ऑगस्टा पॅलिस्टर. चौऱ्याऐंशीची असेल, पाठ मात्र अजून ताठ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

"तू मार्टिन मॅकनेव्हिनची मुलगी ना? गढीची चावी तुझ्याकडे असते म्हणे."

तू! मी अडुसष्ट वर्षांची. मलाही तिला 'तू' म्हणता आलं असतं. पण तोंडून निघालं ते "हो, या ना." हिच्या आज्याच्या शेतात राबलेल्यांची जीभ आहे माझ्या तोंडात, मेली अशीच वळते. स्वतःचाच राग येतोय.

"चावीही माझ्याकडे असते आणि गढीही माझीच आहे," असं मात्र मी म्हटलं. तेवढं बरं झालं.

चावी हातात दिली नाही. स्वतः घेऊन गेले. ती काठी टेकत चिखलातून चालली, वर छप्पर नाही, भिंतींतून झुडपं उगवलेली, आणि ही बघतेय जणू पडदे अजून टांगलेत.

"इथं जिना होता."

"कठडा टार्पींच्या दारूच्या दुकानात आहे. न्हाणीघरातला टब त्यांच्याच कुरणात. गाई पाणी पितात त्यात."

"गाईंना आवडतं का?"

थट्टा करत होती की खरंच विचारत होती, कळलं नाही. 

मग ती प्रार्थनाघराच्या अंगणात गेली. तिथं तळघराचं छप्पर कोसळलंय, पॅलिस्टर पुरुष सगळे त्या ढिगाऱ्याखाली, शिशाच्या पेट्यांत, दगडी फळ्यांवर. ती काठी टेकून उभी राहिली. म्हणाली, "मला इथं पुरायचं आहे. वडिलांच्या जवळ."

"तळघर मोडलंय."

"मग बाहेर मातीत. मला चालेल."

चालेल! उपकारच की!

"मालकाला विचारावं लागेल," मी म्हटलं.

"मालक कोण?"

"मी."

"मग विचार, आणि कळव. मी पोर्तुम्नाच्या हॉटेलात उतरले आहे."

आणि गेली. चहा मी विचारला नाही. आपल्या दारातून माणूस चहाशिवाय गेलं, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

१० सप्टेंबर

फेस्टी म्हणतो, "हो म्हणून टाक गं म्हातारीला. मेलेलं माणूस किती जागा खातं?" हा माझा भाऊ. माझ्याहून थोरला, घरात आम्ही दोघंच, दोघंही बिनलग्नाची. ह्याचं मन लोण्याचं. गाईला काठी मारायची तरी आधी तिची माफी मागेल.

माझा राग थंड पडू नये म्हणून आज सगळं लिहून ठेवते.

क्लूनाराची गढी आमची. मॅकनेव्हिनांनी बांधली, तळ्याच्या काठावर, चार मजली. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा होईल. मग क्रॉमवेलची इंग्रज फौज आली. शिपायांना पगार द्यायला खजिन्यात काही नव्हतं, म्हणून आमच्या जमिनी वाटल्या. पहिला पॅलिस्टर फौजेत घोड्यांना नाल ठोकायचा. नालबंदाला गढी! त्याच्या पोरानं पश्चिमेच्या अंगाला मोठ्या खिडक्यांचं घर जोडलं, कारण गढीत त्याच्या बायकोला सर्दी व्हायची. नातवानं अर्धं जंगल पत्त्यांत घालवलं. पुढे हा सर हॅमिल्टन, ह्या बाईचा आजा. त्यानं काचेचं घर उभारलं आणि त्यात अननस लावले. अननस! बाहेर बटाटा जमिनीत काळा पडून सडत होता आणि ह्याचा माळी अननसाच्या मुळाशी शेकोटीची ऊब देत होता.

प्रार्थनाघराच्या अंगणात आमच्या माणसांना पुरायची जागा होती. गढी हातून गेली तरी ती जागा गेली नव्हती. दोनशे वर्षं पॅलिस्टरांनी तेवढी हरकत घेतली नाही. पण दुष्काळाच्या साली रोज प्रेतं यायला लागली, आणि वाट नेमकी जेवणघराच्या खिडकीखालून. साहेबांची भूक मरायची. मग साहेबांनी भिंत घातली आणि लोखंडी फाटक लावलं. भिंत पुरी व्हायच्या आत आमचे पणजोबा टोमास आत गेले. ते शेवटचे.

पुढच्या हिवाळ्यात पणजी सोर्चा गेली. चौघांनी पेटी आणली. चौघांच्याही पायांत त्राण नव्हतं. फाटक बंद. कारभारी बाहेर आला नि म्हणाला, "साहेब जेवायला बसलेत. पाहुणे आहेत. मग या." पेटी बर्फात ठेवून ते थांबले. अंधार पडायला लागला तशी परत निघाले, आणि रस्त्याच्या वळणावर, बाप्तिस्मा न झालेली तान्ही पोरं पुरतात त्या खाचरात, तिला ठेवली. नवऱ्यापासून हाकेच्या अंतरावर! वर दगडसुद्धा नाही. दुकानात जाताना मी रोज तिथून जाते.

बावीस साली गढी जळाली. कोणी जाळली हे आमच्या गावात विचारत नाहीत. ऑगस्टा हिरवळीवर खुर्ची टाकून कुत्रं मांडीवर घेऊन बघत बसली होती, एवढं मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. मग ती इंग्लंडला गेली आणि सरकारनं जमीन वाटली. बाबांनी कुरण सोडून गढीचं शेत मागितलं. नुसते दगड नि काटे. लोक म्हणाले, "मार्टिन, गढी उकडून खाणार का?" बाबांनी फाटकाला नवं कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात दिली. फेस्टीच्या नाही, माझ्या. माणूस ओळखायचे बाबा.

१२ सप्टेंबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर देवळाच्या भिंतीशी सगळे नेहमीसारखे रेंगाळत होते. मी सरळ मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, पॅलिस्टरीणबाईला गढीत पुरून घ्यायचंय. खड्डा कोण खणणार?

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आमच्याकडे खड्डा शेजारी खणतात. पैसे देऊन माणूस मिळत नाही, कोणी घेणारच नाही. शेजाऱ्यांनी फावडं उचललं नाही तर राजा असला तरी उघड्यावर राहील.

"ज्यानं फावडं उचललं त्यानं माझ्या दारात पाय ठेवू नये," मी म्हटलं.

"कोण उचलतंय?" विनी टार्पी म्हणाली. दुकान हिचंच. मग माझ्या कानाशी येऊन, "डेलिया, टब परत मागायला आली नाही ना गं ती?"

संध्याकाळी बघते तर टब गवताच्या गंजीमागे सरकवलेला, आणि गाई त्याला शोधत कुरणभर हिंडतायत.

२० सप्टेंबर

पाऊस. गवत सडतंय. तिला काही कळवलं नाही. वाट बघू दे. सोर्चानंही बघितली.

३ ऑक्टोबर

विनी सांगत होती, हॉटेलात अंथरुणाला खिळली म्हणे. डॉक्टर रोज येतो. इंग्लंडला परत जायला तयार नाही.

मी दुकानातून येताना वळणावर थांबले आणि सोर्चाला सांगितलं. मोठ्यानं. कोणी ऐकलं तर ऐको.

७ ऑक्टोबर

रेक्टर आला होता. प्रोटेस्टंटांचा पाद्री. पोरगेलासा, जाड चष्मा, सायकल. ह्याचा सगळा कळप दोन बाकांवर मावतो. ह्याला चहा दिला, ह्यानं माझं काय केलंय?

"मॅकनेव्हिनबाई, एका मरणाऱ्या बाईची इच्छा आहे."

"पेटी ज्या वाटेनं जाते ती वाट कायमची गावाची होते. उद्या माझ्या शेतातून सगळे मेंढरं हाकतील."

"असा कायदा नाही, बाई."

"डब्लिनला नसेल."

बिचारा चष्मा पुसत बसला. फेस्टी मध्येच म्हणाला, "फादर, अजून एक पाव घ्या," आणि त्याच्या ताटलीत लोण्याचा गोळाच ठेवला. मी टेबलाखालून पाय मारला.

जाताना रेक्टर दारात थांबला. "तुमच्या पणजीबद्दल मला ठाऊक आहे. मिस पॅलिस्टरनंच सांगितलं."

"तिला ठाऊक आहे?"

"हो. लहानपणी स्वयंपाकघरातल्या बायकांकडून ऐकलं म्हणे."

म्हणजे ठाऊक असून आली! ठाऊक असून 'मला चालेल' म्हणाली! आता तर मुळीच नाही. ती फाटकाबाहेर पडेल, तिच्यावर पाऊस पडेल, आणि मी जेवायला बसेन. सावकाश जेवेन.

१४ ऑक्टोबर

मेली. सकाळी.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, कारण तोंडानं कुणाला सांगता येत नाही. इतका आनंद झाला की मी गाईचं दूध काढताना गुणगुणत होते. सोमवारी पुरायचं ठरवलंय म्हणे रेक्टरनं. कुठे पुरतो बघतेच.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

दुपारी जेवत होतो. शुक्रवारी मांस खायचं नसतं, म्हणून मासे. फेस्टी काटे काढता काढता म्हणाला, "येऊ दे की तिला, डेलिया. टोमासची तरी सुटका होईल."

"कसली सुटका?"

"पाण्याची."

माझा घास हातातच राहिला.

लहानपणापासून ठाऊक आहे मला. सगळ्यांनाच ठाऊक आहे. ज्याला मातीत शेवटी ठेवतात, त्यानं आतल्या सगळ्यांना पाणी वाहायचं. पापं जळायच्या आगीत जीव तहानलेले असतात, त्यांचे ओठ ओले करत फिरायचं, नवा माणूस येऊन बादली घेईपर्यंत. म्हणून तर एकाच दिवशी दोन प्रेतं निघाली की लोक पेट्या खांद्यावर घेऊन पळतात, आपलं माणूस शेवटचं राहू नये म्हणून. मी स्वतः बायकांना शाली कंबरेला खोचून धावताना पाहिलंय. आणि एवढं ठाऊक असून गढीच्या बाबतीत कधी डोक्यात आलं नाही. मी आपली आयुष्यभर फाटकाबाहेरच्या सोर्चाकडेच बघत राहिले.

शंभर वर्षांहून जास्त टोमास पाणी वाहतोय. बायको येऊन बादली घेईल म्हणून वाट बघत असेल, तर तिला फाटकातून परत लावली. पॅलिस्टर मोजायचे नाहीत, ते शिशाच्या पेट्यांत फळ्यांवर आहेत, मातीला लागलेलेच नाहीत. पण ही मातीत जायला तयार आहे. "मला चालेल" म्हणाली होती ना?

ही गेली की टोमास सुटला. आणि हिच्यामागून कोण? कोणी नाही! चावी माझ्याकडे. आई जमीन मिळायच्या आधीच गेली, ती रस्त्याकडेच्या नव्या दफनभूमीत, बाबाही तिच्याजवळच आहेत, आमच्या दोघांची जागाही तिथंच आहे. ऑगस्टा पॅलिस्टर, सर हॅमिल्टनची नात, क्लूनाराच्या शेवटच्या दिवसापर्यंत मॅकनेव्हिनांना पाणी वाहील. एकेकाला. वाकून. शेवटचा न्याय होईपर्यंत.

बाबा, तुम्हालाही एवढं सुचलं नव्हतं!

मी हसायला लागले. फेस्टी काटा हातात धरून बघत राहिला. म्हणाला, "मी टोमासचं म्हणत होतो. तुझ्या डोळ्यांत जे आलंय ते मला आवडत नाही."

"मासा खा," मी म्हटलं.

१६ ऑक्टोबर

सायकल काढून रेक्टरकडे गेले. म्हटलं, फाटक उघडीन. त्यानं माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी. "देव तुमचं भलं करो, बाई." मी तोंड पाडून उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे काय ते आज कळलं.

बोलता बोलता त्याला विचारून घेतलं. तुमच्यात ती आग नसते का, पापं जळायची? नसते म्हणाला. नसेना का. माती आमची आहे, तिथं आमचंच चालणार.

पण खड्डा कोणी खणायला तयार नाही. दुकानात गेले तर विनी म्हणाली, "तूच तर सांगितलंस. आता तूच उलटतेस? पोरं म्हणतात आम्ही फावडं उचलणार नाही." काय सांगू तिला? खरं सांगितलं असतं तर सगळा गाव फावडी घेऊन आला असता, आणि रेक्टरला कळून पेटी गॅलवे शहरात पुरायला गेली असती.

१७ ऑक्टोबर, रविवार

फेस्टी म्हणाला, "मी खणतो." सोमवारी नवा खड्डा खणत नाहीत, घरात आणखी मरण येतं. म्हणून आजच जाऊन एक ढेकूळ उलटून आला, म्हणजे सुरुवात रविवारी झाली.

"सत्तर वर्षांचा आहेस," मी म्हटलं.

"खड्ड्याला वय विचारत नाहीत."

१८ ऑक्टोबर

झालं. पुरली.

सकाळपासून धो धो. फेस्टी कंबरेइतक्या खड्ड्यात, आणि वर रेक्टर, बाह्या वर करून, फावडं लेखणीसारखं धरलेलं. एक ढेकूळ वर टाकायचा, दोन परत आत पडायची. फेस्टी म्हणत होता, "फादर, तुम्ही आपले स्तोत्र म्हणा, माती मला राहू द्या." पण तो काही हटला नाही. भिजून दोघंही काळे झाले. मी फाटकाशी छत्री घेऊन उभी. मध्ये फेस्टीला हाडं लागली. त्यानं टोपी काढली, हाडं अलगद बाजूला ठेवली, आणि पेटी उतरवल्यावर तिच्या शेजारी परत ठेवली. कुणाची असतील? टोमासची असतील तर फारच छान, बादली हातोहात गेली.

पेटीमागे रेक्टर, हॉटेलवाला, भाड्याच्या मोटारीचा ड्रायव्हर. गावातलं कोणी नाही. मी फाटकाला कुलूप घातलं.

१९ ऑक्टोबर

वाहा बाई, वाहा.

२४ ऑक्टोबर, रविवार

मिस्सा झाल्यावर एकटीच गढीत गेले. माती अजून खचलेली नाही. मी तिच्याशी बोलले. म्हटलं, टोमासनंतर त्याची आई, तिला आधी दे, तिला ऐकू कमी येतं म्हणतात, जरा जवळ जा. मग धाकट्या घरातली पोरं, ती अकरा आहेत, भांडतील. मग जुने, गढी बांधणारे, ते तुझ्याशी आपल्याच भाषेत बोलतील, तुला कळायचं नाही, तरी मान हलव. आणि 'तू' म्हणतील. राग मानू नको.

इतकं हलकं मला आयुष्यात वाटलेलं नाही. भूकही चांगली लागली.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

चुलीशी आपल्या मेलेल्यांसाठी खुर्च्या मांडल्या, वाडग्यात पाणी ठेवलं, दाराची कडी काढली. दर वर्षी करतो तसं. फेस्टी खोकत होता. खड्डा खणल्यापासून खोकतोय. मी म्हटलं, ह्या वर्षी आपल्या माणसांना वाडग्याची गरज नाही, त्यांना पाणी देणारी आहे. तो म्हणाला, "पुरे आता, डेलिया." असं तो मला कधी बोलत नाही.

६ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेला. फुप्फुसात पाणी झालंय, वर काळीज कमजोर. सुई टोचली. दवाखान्यात हलवू का विचारलं तर फेस्टीनं चुलीकडे तोंड फिरवलं.

गावातले सगळे येऊन जातात. कोणी अंडी आणतं, कोणी सरपण. विनीचा नवरा आमच्या गाई सांभाळतो. फावडं न उचललेलेच सगळे. फेस्टी प्रत्येकाला हसून म्हणतो, "पुढच्या वेळी याल ना खणायला?" ते हसत नाहीत.

९ नोव्हेंबर

आज बोलला.

"मला गढीत ठेव."

मी ऐकलंच नाही असं केलं. उशी नीट केली.

"डेलिया. गढीत."

"आई-बाबांजवळ आपली जागा आहे. सुकी जागा आहे."

"तिथून रस्ता दिसतो. गढीतून तळं दिसतं. आणि बाबांनी दगडाचं शेत कशासाठी घेतलं मग? आपल्यातलं कोणी परत आत जावं म्हणूनच ना? भिंत घातल्यापासून आपलं कोणी गेलेलं नाही."

"तिच्यानंतर जाशील तर बादली तुझ्या हातात येईल."

"मी वाहीन. जन्मभर गुरांना पाणीच वाहिलं, मेल्यावर जड जाईल होय? आणि तू येईपर्यंतच तर."

"आणि ती?"

तो डोळे मिटून हसला. "ती बसेल थोडी."

मी बाहेर गेले. गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिले. तिला बसवायला मी फाटक उघडलं नव्हतं!

११ नोव्हेंबर

पुन्हा समजावलं. म्हटलं, आई एकटी पडेल. म्हणाला, तिच्याजवळ बाबा आहेत. म्हटलं, गढीतली जमीन ओली. म्हणाला, मीच खणलीय, मला सांगतेस? म्हटलं, फेस्टी, एवढं एकच मागते. तो माझ्याकडे बघत राहिला.  त्यानं हात पुढे केला आणि माझ्या एप्रनचा खिसा चाचपला, चावी असते तो. मग हात खाली पडला.

शंभर वर्षं त्यांनी आमच्याकडून घेतलं. मी हिच्याकडून पुरते चार आठवडेही घेतले नाहीत. चार आठवडे! आणि हा म्हणतो बसू दे.

१३ नोव्हेंबर, शनिवार

फेस्टी गेला. पहाटे, माझा हात धरून. 

घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. बायकांनी त्याला आंघोळ घातली. घर माणसांनी भरलंय. सगळे त्याच्या गोष्टी सांगतायत. गाईची माफी मागायचा ती सांगून विनी रडली.

दुपारी तिनं मला बाजूला घेतलं. "उद्या रविवार आहे, पोरं उद्याच खणून टाकतील. आख्खा गाव येतोय फावडी घेऊन. गढीत ना? त्यानं मला परवाच सांगितलं. चावी दे."

मी म्हटलं, चहा संपलाय, आधी चहा ठेव.

१६ नोव्हेंबर

काल फेस्टीला नव्या दफनभूमीत नेलं. चावी मी दिली नव्हती, म्हणून खड्डा तिथं खणला होता, तरी गढीच्या फाटकाशी माणसं आपोआप थांबली. पेटी खांद्यावर, टोप्या हातात, पाऊस.  सगळे माझ्याकडे बघत होते. चावी माझ्या खिशात होती.

मी म्हटलं, पुढं चला.